मरती ओळ

चार लोकांचं काम चांगलं झालं की काहीतरी उगवतं, वाढतं, निदान उभं तरी राहतं. यमाजीचं उलट होतं. त्याचं काम चांगलं झालं की रोपं मरायची.

यमाजी हे त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते तेलबिया संशोधन केंद्रातल्या टवाळांनी ठेवलं, आणि असं चिकटलं की पगाराच्या दिवशी खरं नाव पुकारलं तर तो स्वतःच इकडेतिकडे बघायचा. केंद्राच्या मागच्या अंगाला, विहिरीपलीकडे, विटांची कड घातलेला एक लांबलचक वाफा होता. त्या मातीत मर रोग मुद्दाम राखलेला होता. मर म्हणजे मातीतली बुरशी. ती मुळांतून आत शिरते, खोडातल्या पाण्याच्या वाटा बुजवते, आणि काल हिरवंगार डोलणारं रोप आज मान टाकतं. मग पाणी घाला की अमृत घाला, ते उठत नाही. जवसाची नवी नवी वाणं या वाफ्यात पेरायची आणि कोण जातं, कोण तगतं ते बघायचं, ही यमाजीची नोकरी.

रोग म्हटला तरी त्याला पोसावं लागतं. मेलेली रोपं यमाजी बारीक चिरून पुन्हा त्याच मातीत घालायचा, म्हणजे बुरशीला खायला मिळे. माती फार सुकली तर पाणी शिंपडायचा. वाफ्यातले बूट वाफ्याच्या फाटकातच काढायचे, फावडं धुतल्याशिवाय बाहेर न्यायचं नाही, हा त्याचा दंडक. "लोक गाय पाळतात, आमचा यमाजी साथ पाळतो," असं विहिरीवरचा पंपवाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आणि यमाजी हसून सोडून द्यायचा. चेष्टा करणाऱ्याच्या तोंडाला कोण लागणार!

या वाफ्याची सगळी अब्रू एका गोष्टीवर होती, ती म्हणजे मरती ओळ. दर दोन नव्या वाणांच्या मध्ये एक ओळ एका जुन्या, नाजूक जवसाची पेरायची. रोगाचा वारा लागला तरी हे जवस आडवं व्हायचं. ते पेरायचं तेवढ्यासाठीच. ती ओळ मेली, म्हणजे माती खरोखर रोगट आहे आणि शेजारी जो उभा राहिला तो स्वतःच्या हिमतीवर उभा राहिला. पण मरती ओळच जगली, तर शेजाऱ्याच्या जगण्याला काडीची किंमत नाही. पेपरच झाला नाही, तर पोरगं पास झालं म्हणून पेढे वाटण्यात काय अर्थ?

हे सगळं त्याला शिकवलं होतं ताईनं. ताई म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण, आणि त्याच केंद्रातली जवसाची वाणं काढणारी शास्त्रज्ञ. आईवडील गेले तेव्हा यमाजी शाळेत नापास व्हायच्या वयाचा होता, आणि तो ते काम मन लावून करत होता. ताईनं त्याला वाढवलं, त्याच्यापायी स्वतःचं लग्न आज करू उद्या करू म्हणत राहून गेलं, आणि शेवटी त्याला या वाफ्यावर आणून उभं केलं. पहिल्याच दिवशी तिनं बजावलं होतं, "हे बघ, मला बरं वाटेल ते सांगायचं नाही. दिसेल ते सांगायचं."

त्यानं तसंच केलं. ताई दोन वाणांचा क्रॉस करायची, बी निवडायची, कागदांत बुडालेली असायची. वाफ्यात बसून, एकेक रोप उपटून, खोड नखानं उभं चिरून आत रोगाची तपकिरी रेघ आहे की नाही हे बघायचं ते यमाजीनं. तो सांगायचा आणि ताई त्यावर पुढचं पाऊल टाकायची. कितीतरी वाणं त्याच्या एका शब्दानं कचऱ्यात गेली. ताईला ती पोटच्या पोरांसारखी होती, पण तिनं कधी उलटून विचारलं नाही. "माझं अर्धं आयुष्य याच्या डोळ्यांवर उभं आहे," असं ती पाहुण्यांना सांगायची, आणि यमाजी चहाचे कप उचलायच्या निमित्तानं आत पळायचा, कारण त्याला तिथं उभं राहणं जमत नसे.

तिच्या सगळ्या वाणांत शेवटचं आणि सगळ्यात लाडकं होतं हट्टी. नाव ताईनंच ठेवलं. आखूड खोडाचं, पाठीला कणा असल्यासारखं ताठ. पहिल्या चाचण्या तर छान झाल्या होत्या. एक शेवटची, कडक चाचणी राहिली होती. ती पार पडली की हट्टी लोकांच्या शेतात जायला मोकळं. ताईनं आयुष्यभर एवढंच मागितलं होतं, की आपलं एक तरी वाण कुणाच्या तरी रोगट रानात उभं राहावं. आणि नेमकं त्याच वेळी तिच्या पोटातलं जुनं दुखणं पुन्हा उपटलं. पूर्वी एकदा ऑपरेशन होऊन ते गेलं होतं. या वेळी ते जायला आलं नव्हतं.

ऐन उन्हाळ्यात ताई दवाखान्यात होती. यमाजी सकाळी केंद्रावर तोंड दाखवायचा, दुपारी तिच्या उशाशी, संध्याकाळी बायकोला तिथं बसवून घरी, असा त्याचा नुसता पिट्टा पडला होता. वाफ्याकडे बघायला सवड नव्हती. तण माजेल, माती वाळून खडखडीत होईल, रोग मरून जाईल, या काळजीनं त्यानं एक दिवस घाईघाईत वाफ्याच्या पुढच्या अर्ध्या भागावर भरपूर पाणी शिंपडलं आणि वर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणून बसवला. कडांवर विटा ठेवल्या. मागच्या अर्ध्या भागाला कागद पुरला नाही. काम उरकलं म्हणून त्याचा जीव भांड्यात पडला आणि तो दवाखान्याकडे धावला.

आता, ओली माती, वर पारदर्शक कागद आणि डोक्यावर रणरणतं ऊन, याचा परिणाम काय होतो हे यमाजीला ठाऊक नव्हतं असं नाही. केंद्रातले रोपवाटिकावाले माती शुद्ध करायला दर उन्हाळ्यात हेच करतात. आतली बुरशी उकडून मरते. पण त्या दिवसांत त्याचं डोकं धडावर असलं तरी तिथं हजर नव्हतं. रोग जगावा म्हणून त्यानं जिवापाड जे केलं, त्यानंच रोग मेला.

डॉक्टरांनी ताईला घरी न्यायला सांगितलं. ते का सांगतात हे तिलाही कळलं आणि घरातल्यांनाही. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी तिची खाट टाकली. ती म्हणाली, "हंगामाची वाट बघायला मला फुरसत नाही. हट्टी आत्ताच पेर." यमाजीनं पेरलं. आणि ताईचं वाण म्हणून त्याला वाफ्यातली सगळ्यात जपलेली जागा दिली, कागद काढून त्याखालची.

रोपं उगवली. मागच्या भागातल्या मरत्या ओळी नेहमीसारख्या पटापट माना टाकू लागल्या. पुढं हट्टी ताठ उभं. यमाजी रोज बघायचा आणि रोज ताईला सांगायचा, उभं आहे, उभं आहे. तिच्या चेहऱ्यावर रंग यायचा. शेवटच्या मोजणीच्या दिवशी तो वाफ्यात उकिडवा बसला आणि पहिल्यांदा त्याची नजर हट्टीच्या शेजारी नीट गेली. तिथली मरती ओळ हिरवीगार होती. फुलंसुद्धा धरत होती. इतके दिवस ती त्याच्या डोळ्यांसमोरच होती, पण हट्टीचं कौतुक बघण्यात तिच्याकडे बघायचं त्याच्या मनानं टाळलं होतं. त्यानं एक रोप उपटलं, खोड चिरलं. आत पांढरं, स्वच्छ. दुसरं, तिसरं, तसंच. मग त्याला तो कागद आठवला.

आयुष्यात पहिल्यांदाच एक रोप जिवंत बघून यमाजीला रडू फुटलं.

घरी आला तेव्हा ताई उशीला टेकून बसली होती. बायको तिचे केस विंचरत होती. ताईनं त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "हट्टी?"

"उभं आहे. सगळं."

"आणि मरती ओळ?"

बायकोचा कंगवा थांबला नाही. खिडकीतून ऊन येत होतं. ताईचे डोळे इतके मोठे दिसत होते, की त्यांच्याकडे बघून खरं बोलणं ही माणसाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती.

"गेली," यमाजी म्हणाला. "पार गेली, ताई."

ताईनं डोळे मिटले. गालांवरून पाणी वाहिलं ते तिनं पुसलंही नाही. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली. यमाजीनं मनाची समजूत घातली: केंद्रात खरं तेच सांगायचं, चाचणी बाद धरायची, पुढच्या वर्षी पुन्हा पेरायचं. ताईला एवढं सुख मिळालं तर कुणाच्या बापाचं काय जातं? पण खोट्याच्या कपाळी गोटा, हे आपले वाडवडील उगीच म्हणत नव्हते. त्या हिशेबात तो एक गोष्ट विसरला. आदल्या हंगामात ताईनं चांगल्या जमिनीत हट्टीचं बी वाढवून घेतलं होतं. गोदामात उंदीर फार, म्हणून ते पोतं घरातच, मागच्या खोलीत ठेवलेलं होतं.

पुढच्याच आठवड्यात तो कामावरून आला, तर बायको हसतमुखानं दारात. "अहो, दादा येऊन गेले. वन्संनी त्यांना पोतं दिलं. कितीतरी दिवसांनी एवढ्या बोलल्या बघा! अगदी पहिल्यासारख्या."

दादा म्हणजे त्यांचा आतेभाऊ. गडगडाटी हसणारा, सरळ मनाचा शेतकरी. त्याच्या खालच्या रानात मर शिरली होती, तेव्हापासून तिथं जवस म्हणून लावता येत नव्हतं. ताईनं त्याला सांगितलं होतं, माझं वाण निघालं की पहिलं तुझ्या रानात. तिनं शब्द पाळला होता.

यमाजीनं पायातले जोडेही काढले नाहीत. "अहो, चहा तरी..." असं बायको म्हणेपर्यंत तो सायकलवर होता.

आतेभाऊ अंगणात पेरणीचं अवजार पुसत बसला होता. पोतं भिंतीला टेकून ठेवलेलं. "ये रे धाकट्या! उद्या पेरतोय बघ. सगळं खालचं रान. गव्हाचा बेतच सोडला. शेजारच्यांनाही म्हटलं, माझ्या बहिणीचं वाण आहे, बघायला या."

"दादा, पेरू नका."

"का रे?"

"ते तगेल की नाही ते अजून कळलेलं नाही. चाचणी फुकट गेली."

आतेभावाचं हसू ओठांवरच राहिलं. "अरे, ताई तर म्हणाली मरती ओळ पार झोपली. ती सकाळी एक सांगते, तू संध्याकाळी दुसरं. मी धरू कुणाचं? थांब, तिलाच विचारतो."

"नको, दादा, तिला नको..."

पण तोवर फोन लागलाही होता. आतेभावाच्या मनात काही नव्हतं. साधा माणूस, शंका आली की विचारणारा. "ताई, हा आलाय. पेरू नका म्हणतो. चाचणी फुकट गेली म्हणे." मग यमाजीला तिचा बारीक आवाज ऐकू आला. "पोतं त्याच्याकडे दे."

यमाजी पोतं सायकलला बांधून चालत निघाला. ते जड होतं, आणि त्याला घरी पोचायची घाईही नव्हती.

घरी बायकोचा चेहरा उतरलेला. "काय झालं हो? फोन आल्यापासून वन्सं भिंतीकडे तोंड करून पडल्यात." तो खाटेजवळ स्टूल घेऊन बसला. ताईनं वळून न बघता विचारलं, "मरती ओळ?"

"जिवंत आहे. पुढच्या भागात. उन्हाळ्यात मी तिथं कागद घातला होता. पाणी शिंपडून."

ताई वळली. आणि हसली, अगदी खरंखुरं. "अरे गाढवा! भाजून काढलीस की रे माती."

"तण माजेल म्हणून. सुकेल म्हणून. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, ताई."

"माझ्यामुळे झालं ते. मी दवाखान्यात होते." तिनं हात पुढं करून त्याच्या मनगटावर ठेवला. "त्या चुकीचं मला काही वाटत नाही. मी काय कमी चुका केल्यात? पण मी विचारलं तेव्हा तू 'गेली' म्हणालास."

यमाजी नखानं स्टुलाची कड खरवडू लागला.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मला बरं वाटावं म्हणून सांगतोस ते."

"ताई, एवढं एकदाच! तुझी शपथ. पहिल्यांदा आणि शेवटचं."

ती छताकडे बघत राहिली. मग हळूहळू, आठवून आठवून विचारू लागली. "पांढऱ्या फुलाचं. ते गेलं म्हणालास, तेव्हा मी सगळं बी जाळलं होतं. ते खरंच गेलं होतं?"

"खरंच गेलं होतं."

"ते लांब बोंडाचं?"

"तेही."

"आणि माझं ऑपरेशन झालं त्या वर्षी? आखूड खोडाचं जवळपास सगळं तगलं, म्हणून दवाखान्यात सांगत आलास. टाके ओले होते, तरी मी उठून बसले होते. आठवतं? तेव्हाही मी आजारी होते रे. आणि त्याच वाणापासून पुढं मी हट्टी काढलं."

"ते खरं होतं, ताई! देवाशपथ खरं होतं. मी स्वतः चिरून बघितलं होतं."

"कुणी पाहिलं होतं?"

कुणीच नव्हतं पाहिलं. कधीच कुणी पाहिलं नव्हतं, कारण कधी गरजच पडली नव्हती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर त्यानं तो आनंदानं झेलला असता, लहानपणी मार झेलायचा तसा. तिच्या डोळ्यांत भीती होती. इतकी वर्षं ज्या फरशीवर चालली, ती खाली पोकळ आहे की काय, अशी.

"तू खरं सांगत असशील," ताई शेवटी म्हणाली. "मला वाटतंय तसं. पण आता मला कळत नाही रे. कळायला माझ्याकडे काही उरलं नाही."

त्यानंतर ती त्याच्याशी तुटक वागली असं नाही. पाणी मागायची, उशी सरकवायला सांगायची, एकदा त्याची दाढी वाढल्याबद्दल ओरडलीसुद्धा. जवसाचं मात्र तिनं परत काही विचारलं नाही. तो वाफ्यावरून यायचा, समोर बसायचा, विचारेल म्हणून वाट बघायचा. ती खिडकीबाहेर बघायची. थोड्याच दिवसांत, एका सकाळी, बायको तोंड धुवायला पाणी घेऊन गेली तेव्हा ताई गेलेली होती.

त्या वर्षीची चाचणी यमाजीनं स्वतःहून बाद करायला लावली. मग मागच्या भागातली रोगट माती टोपल्या टोपल्यांनी पुढं आणून पसरली, मेलेली रोपं चिरून त्यात घातली, आणि आजाऱ्याची सेवा करावी तशी त्या मातीची सेवा केली. पंपवाल्यानं जुनी चेष्टा एकदा करून बघितली, पण यमाजीचं तोंड बघून पुन्हा केली नाही. पुढच्या हंगामात त्यानं हट्टी पुन्हा पेरलं, आडव्याला मरती ओळ, उभ्याला मरती ओळ, असं चहूबाजूंनी कोंडून.

मरत्या ओळीतलं एकही रोप वाचलं नाही. वाफा करपल्यासारखा तपकिरी दिसत होता, आणि त्यात हट्टी ताठ, निळ्या फुलांनी भरलेलं.

केंद्राच्या साहेबांनी खुर्चीतूनच विचारलं, "काय यमाजी, हट्टीचं काय झालं?"

"तुम्ही येऊन बघा, साहेब."

"अहो, तुम्ही सांगताय ना? झालं की मग."

"नाही. तुम्ही या. स्वतः उपटा, स्वतः चिरा. मी सांगणार नाही."

साहेब कुरकुरत आले, बूट चढवून वाफ्यात उतरले. पहिलं रोप चिरलं, दुसरं चिरलं, आणि मग त्यांनी यमाजीच्या पाठीवर थाप मारली. "तुमच्या ताईंनी कमाल केली हो! आता हे वाण शेतात जायला हरकत नाही." यमाजीनं मान हलवली. त्यांना फाटकापर्यंत पोचवलं, त्यांचे बूट धुतले, आपले धुतले, आणि घरी गेला.

बायको दारातच बसून तांदूळ निवडत होती. त्याचा चेहरा बघून ती उठली. "हट्टी?"

"उभं आहे. मरती ओळ पार गेली."

"खरं?" ती आनंदानं म्हणाली. चांगली बातमी ऐकली की कुणीही म्हणतं, तसंच.

यमाजी तिच्याकडे बघत राहिला. ताई गेली तेव्हा त्याला रडू आलं नव्हतं. लोक म्हणाले होते, दगडाचं काळीज आहे. आता तो उंबऱ्यावर मटकन बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि "खरं गं, खरं, खरं," असं म्हणत लहान पोरासारखा रडत राहिला. बायकोला काही कळेना. ती त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "अहो, असं काय करता? माझा विश्वास आहे ना."